शिक्षेला शेवटच नसेल तर ती शिक्षा कशासाठी? (नरक आणि अनंतकाळच्या यातना)

कोरा कागद

थेट मुद्द्यावर येतो. मी ख्रिस्ती आहे, श्रद्धा शाबूत आहे, चर्चला जातो, संडे स्कूलला शिकवतो, पण अनंतकाळ चालणाऱ्या नरकयातनांचा सिद्धांत आता काही केल्या गळी उतरत नाही. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, न्याय नसावा असं मी म्हणत नाहीये. ज्यांनी दुसऱ्यांची आयुष्यं धुळीला मिळवली त्यांना देवापुढे जाब द्यावाच लागणार, आणि तो जाब सोपा नसणार, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की ती शिक्षा कधीच का संपू नये?

माणूस जगून जगून जगणार किती, ऐंशी नव्वद वर्षं. त्यातली पहिली काही समज येण्यात जातात, शेवटची काही समज जाण्यात. उरलेल्या काळात त्याने कितीही पाप केलं तरी त्याला कुठेतरी शेवट आहे. लाख वर्षं भोगलं, कोटी वर्षं भोगलं, आणि तरी हिशोब जिथल्या तिथे, एका दिवसानेही कमी नाही, ह्याला न्याय कसं म्हणायचं?

ह्याला जे ठरलेलं उत्तर मिळतं ते आन्सेल्म ह्या मध्ययुगीन ईशशास्त्रज्ञाच्या विचारातून आलंय, त्याने १०९८ च्या सुमारास मांडलं की देवाचा मान अपार आहे, म्हणून त्याचा अपमान करणाऱ्याचं ऋणही माणसाला फेडता न येण्याइतकं मोठं. ऐकायला भारी वाटतं. पण मग प्रत्येक पाप सारखंच झालं ना, कारण प्रत्येकच पाप देवाविरुद्ध आहे. आणि प्रभू येशू स्वतः तर तसं म्हणत नाही. लूक १२:४७-४८ उघडून बघा, धन्याची इच्छा माहीत असूनही न वागणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके, आणि माहीत नसताना चुकलेल्याला थोडे. थोडे म्हणजे थोडेच ना? अनंतातले थोडे ही काय भानगड आहे?

दुसरं म्हणजे शिक्षेचा हेतू. शिक्षा सुधारण्यासाठी असते, नाहीतर इतरांना वाचवण्यासाठी, नाहीतर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई म्हणून. नरकात सुधारणेचं दार बंद, कारण मेल्यावर पश्चात्तापाला जागा नाही असंच शिकवतात. इतरांना वाचवायचं म्हणाल तर न्यायाच्या दिवसानंतर वाचवायचं कुणाला आणि कुणापासून? आणि भरपाई म्हणाल तर माझ्यावर अन्याय करणारा अनंतकाळ किंचाळत राहिल्याने माझं गेलेलं काय परत येतं? इब्री लोकांस पत्र १२ मध्ये देव बापासारखी शिस्त लावतो, आपल्या हितासाठी लावतो असं स्पष्ट आहे. हित कधी व्हायचंच नाही अशी शिस्त कुठला बाप लावेल?

मतं सांगा. वचनं घेऊन बोललात तर जास्त बरं.

उंबरठा

तळमळ कळली. पण मला वाटतं तुम्ही सुरुवातच उलट्या टोकाने केली आहे. आपल्याला काय पटतं ते आधी ठरवायचं आणि मग वचनं त्यात बसवायची असं होतंय.

मत्तय २५:४६ बघा. न्यायाच्या दिवशी मेंढरं आणि शेरडं, म्हणजे नीतिमान आणि दुष्ट, वेगळी केल्यावर एका गटाला सार्वकालिक शिक्षा, दुसऱ्याला सार्वकालिक जीवन. एकाच वाक्यात, एकाच विशेषणाने. जीवन कधीच संपत नाही हे तुम्ही आनंदाने मान्य करता, मग शिक्षेच्या वेळी तोच शब्द आखूड कसा होतो? हा मुद्दा माझा नाही, ऑगस्टीन ह्या चर्चच्या मोठ्या आचार्याने पाचव्या शतकातच मांडलाय आणि त्याला तोडीस तोड उत्तर मी अजून वाचलेलं नाही. प्रकटीकरण १४:११ मध्ये तर त्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर चढतो आणि त्यांना रात्रंदिवस विश्रांती नाही असं आहे.

आणि नरकाबद्दल सगळ्यात जास्त कोण बोललं? प्रेषित पौल नाही, प्रभू येशूच. प्रेमळ येशू आणि कठोर चर्च अशी फोड करता येत नाही.

शिवाय पीडितांच्या बाजूनेही विचार करा. ज्यांची पोरं डोळ्यांदेखत मारली गेली त्यांना जाऊन सांगा की मारणाराही शेवटी तुमच्याच पंगतीला बसणार आहे. त्यांना काय वाटेल?

निळी शाई

दोघांनाही एक सांगायचंय. हा वाद असा चालतो की जणू एकीकडे बायबल आणि दुसरीकडे आजकालच्या माणसांचं हळवं मन. इतिहास तसा नाहीये.

ख्रिस्ती परंपरेत ह्या बाबतीत सुरुवातीपासून तीन मतं आहेत. यातना कायमच्या, हे एक. दुष्ट शेवटी नाहीसे होतात, हे दुसरं. आणि शुद्ध होऊन शेवटी सगळेच देवाकडे येतात, हे तिसरं. तिसरं मत कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. अलेक्झांड्रियाचा ओरिजेन हा तिसऱ्या शतकातला सगळ्यात मोठा बायबल अभ्यासक, आणि चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी, ज्याला पूर्वेकडची आणि पश्चिमेकडचीही चर्चेस आजही संत मानतात, तो उघडपणे असं लिहून गेला. ओरिजेनच्या मतांवर पुढे गंडांतर आलं, ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने फतवा काढला आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी ते निषेध जोडले गेले (परिषदेने नेमकं काय मंजूर केलं यावर इतिहासकारांत आजही वाद आहे). ग्रेगरीला मात्र कुणी हात लावला नाही. आणि ऑगस्टीनचं नाव निघालंच आहे तर हेही घ्या, तो स्वतःच लिहितो की अनंतकाळच्या शिक्षेबद्दल हळहळणारे आणि ती तशी असेल हे न मानणारे लोक त्याच्या काळात 'पुष्कळच' आहेत. तो त्यांना चूक म्हणतो, पण ख्रिस्ती नाहीत असं म्हणत नाही.

निकीयाचा मतांगीकार (श्रद्धेची कबुली) आठवा, जो आपण आजही चर्चमध्ये म्हणतो. ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल हे त्यात आहे, मेलेल्यांचं पुनरुत्थान आहे, येणाऱ्या युगाचं जीवन आहे. अनंत यातना त्यात नाहीत.

आता वचनांकडे येऊ. न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी, मार्क ९:४८, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते कुठून घेतलंय? यशया ६६:२४. हा यशयाचा अगदी शेवटचा श्लोक आहे. तिथे लोक बाहेर जाऊन काय बघतात तर देवाशी फितुरी केलेल्यांची प्रेतं. प्रेतं! जिवंत माणसं तडफडतायत असं तिथे काही नाही, किडा आणि आग मेलेल्या देहांना लागलीय. आणि नरकासाठी प्रभू वापरतो तो शब्द, गेहेन्ना, म्हणजे यरुशलेमेजवळचं हिन्नोमचं खोरं. तिथे कायम जळणारा उकिरडा होता असं प्रवचनात ऐकवतात, त्याला जुना आधार जवळपास नाही, ते मध्ययुगातलं स्पष्टीकरण आहे. खरा आधार यिर्मया ७:३१ मध्ये आहे. त्या खोऱ्यात लोक आपल्या मुलामुलींना अग्नीत होमायचे, आणि त्यावर देव काय म्हणतो? मी अशी आज्ञा दिली नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पोरांना आगीत घालणं ज्याच्या मनातही येत नाही असं तो स्वतः सांगतो, त्याच खोऱ्याचं नाव आपण त्याने पेटवलेल्या कायमच्या आगीला दिलंय. हे वाचल्यापासून माझं तर मन थाऱ्यावर नाही.

मत्तय २५:४६ बद्दल. शिक्षा सार्वकालिक म्हणजे शिक्षा *करणं* सतत चालू असाच अर्थ काढायला हवा असं नाही. इब्री ९:१२ मध्ये सार्वकालिक मुक्ती आहे, पण मुक्त करण्याची क्रिया अनंतकाळ चालू नसते, ती एकदाच झाली आणि तिचा परिणाम कायम राहिला. यहूदाच्या पत्रातल्या ७ व्या वचनात सदोम आणि गमोरा सार्वकालिक अग्नीची शिक्षा भोगतात असं आहे, तिथली आग आज चालू आहे का? नाश झाला तो कायमचा झाला. मत्तय १०:२८ मध्ये प्रभूही आत्मा आणि शरीर दोहोंच्या नाशाबद्दलच बोलतो, आणि पापाचं वेतन मरण हे तर पौलाचं वाक्य पोरांनाही पाठ असतं.

दगडफूल

मी ख्रिस्ती नाही, वाचनमात्र होतो, पण एक विचारू का. गरुडपुराणात नरकांची वर्णनं इतकी भयंकर आहेत की लहानपणी झोप उडायची, पण तिथे भोग संपला की जीव परत जन्माला येतो. भोगून संपतं, एवढी तरी सोय आहे. ख्रिस्ती नरकात ती नाही हे मला आज नीट कळलं. भारतीय परंपरेत कायमचा नरक कुणीच मानत नाही ना?

निळी शाई

मानतात, मध्वाचार्य मानतात. द्वैत मतात काही जीव मुळातच तमोयोग्य, म्हणजे अंधारालाच लायक, त्यांची गती अंधतमस नावाचा गडद अंधाराचा नरक आणि तिथून सुटका नाही. त्यावर आपल्याकडेही इतर आचार्यांच्या अनुयायांनी भरपूर वाद घातलेत. पण हे अवांतर होईल, वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

पाणवठा

मला वचनांतलं फार कळत नाही, पण वर पीडितांना काय वाटेल असं विचारलंय म्हणून लिहिते.

माझ्या ओळखीत एक काकू आहेत. मुलगा कॉलेजात असताना चर्चपासून लांब गेला, देव बिव मानत नाही म्हणायचा, पण स्वभावाने सोनं. ऐन तिशीत अपघातात गेला. अंत्यविधीला पास्टर बोलले ते बोलले, नंतर घरी प्रार्थनेला आलेल्या मंडळींपैकी एकाने काकूंना सांगितलं की त्याने शेवटच्या क्षणी प्रभूला हाक मारली असेल अशी आशा धरा, नाहीतर तो कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे. काकू चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आणि मी स्वर्गात जाऊन काय करू? तो तिकडे जळतोय हे माहीत असताना मी तिकडे गाणी गाऊ?" कुणाकडे उत्तर नव्हतं. एकजण म्हणाले की स्वर्गात देव आपल्याला ते विसरायला लावेल. काकू म्हणाल्या, "माझ्या पोराला विसरले तर मग ती मी कुठली?"

मला ह्यापुढे जाताच येत नाही. नरकातल्यांचं राहू द्या बाजूला, स्वर्गातल्यांचं काय? ज्यांना आठवतंय ते सुखी कसे, आणि ज्यांना आठवत नाही ते तेच कसे?

कोरा कागद

पाणवठा ताई, तुम्ही जे लिहिलंत ते मला इतक्या वेळ मांडता येत नव्हतं.

आणि हा प्रश्न जुन्या लोकांना सुचला नव्हता असं नाही, सुचला होता, पण त्यांनी दिलेली उत्तरं वाचून अंगावर काटा येतो. तेर्तुलियन हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक इसवी सन २०० च्या आसपास लिहितो की छळ करणारे राजे आणि अधिकारी आगीत कण्हताना बघून आपण आनंदाने नाचू. तो छळ होत असतानाच्या काळातला माणूस, त्याचा राग एक वेळ समजू शकतो. पण थॉमस अक्वायनस ह्या ईशशास्त्रज्ञाने १३ व्या शतकात, छळाची काहीही झळ नसताना, पद्धतशीर युक्तिवाद करून मांडलं की स्वर्गातल्यांना नरकातल्यांच्या यातना दिसतात आणि त्यातून त्यांना आपल्या सुखाची जास्त गोडी कळते. इतका मोठा, इतका सज्जन माणूस, आणि सिद्धांताने त्याला कुठे नेऊन ठेवलं बघा. एकदा अनंत यातना मान्य केल्या की स्वर्गातल्या लोकांची दया तरी काढून घ्यावी लागते, नाहीतर आठवण तरी. तिसरी वाट मला दिसत नाही.

आता ह्याच्यासमोर पौल ठेवा. रोमकरांस पत्र ९:३. माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून वेगळा व्हायला तयार आहे असं तो म्हणतो. मोशे निर्गम ३२:३२ मध्ये म्हणतो की ह्या लोकांना क्षमा कर, नसेल करायची तर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोड. सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्या लोकांसाठी! म्हणजे देवाच्या जितकं जवळ जावं तितकी दुसऱ्याचा नाश सहन न होण्याची वृत्ती वाढते, कमी होत नाही. मग देवाच्या अगदी समोर बसल्यावर ती एकदम शून्य कशी होईल? आणि पौलाला जे सहन होत नाही ते ख्रिस्ताला सहन होतं असं मानायचं का?

डार्विनची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्याने आत्मचरित्रात लिहिलं होतं की ह्या शिकवणीप्रमाणे त्याचे वडील, भाऊ आणि जवळजवळ सगळे जिवलग मित्र कायमच्या शिक्षेला जाणार, आणि ही शिकवण निंद्य आहे. तो गेल्यावर १८८७ मध्ये ते छापलं तेव्हा त्याच्या बायकोच्या, एमाच्या इच्छेवरून तेवढा भाग गाळला, १९५८ मध्ये त्याच्या नातीने तो परत घातला. एमा स्वतः श्रद्धाळू होती. लोक म्हणतात डार्विन उत्क्रांतीमुळे धर्मापासून लांब गेला, पण त्याच्या मनात बापाचा आणि भावाचा हा काटाही होताच. असे किती गेले असतील, आणि आपण त्यांनाच हट्टी म्हणत बसलो.

उंबरठा

पाणवठा ताई, त्या काकूंना जे बोललं गेलं ते चूक होतं, क्रूर होतं. मी परंपरागत मताचा आहे, तरी सांगतो, कुणाही मेलेल्या माणसाचं नाव घेऊन तो नरकात आहे असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. वधस्तंभावरच्या चोराला शेवटच्या तासात जागा मिळाली.

पण सिद्धांताबद्दल बोलायचं तर, देव कुणाला ढकलून देतो असं मी मानत नाही. नरकाची दारं आतून लावलेली आहेत असं सी. एस. लुईस ह्या ख्रिस्ती लेखकाने १९४० मध्ये लिहिलं होतं, तेच मला पटतं. देव शेवटपर्यंत हात पुढे करतो, पण प्रेम जबरदस्तीने करून घेता येत नाही. माणसाला "नाही" म्हणायचा हक्क आहे, आणि तो हक्क खरा असेल तर कायमचं "नाही" म्हणायचाही असणार. सगळेच शेवटी येणार असं ठरलेलंच असेल तर आपण निवड करतो ह्या म्हणण्याला अर्थ काय उरला?

आणि एक व्यवहाराचा प्रश्न. भीतीच काढून टाकली तर पश्चात्ताप कोण करेल?

कोरा कागद

आधी शेवटचं घेतो. भीतीने माणूस तोंडाने काहीही कबूल करतो, पण त्याने तो देवावर प्रेम करायला लागत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात ४:१८ ला आहे, पूर्ण प्रेम भीती घालवून देतं, कारण भीतीचा संबंध शासनाशी असतो. नरकाच्या भीतीने बाप्तिस्मा घेतलेली आणि पुढे आयुष्यभर आपलं तारण झालंय की नाही ह्या चिंतेने पोखरलेली माणसं मी बघितली आहेत, चांगली माणसं, प्रार्थना करताना सुद्धा त्यांचे खांदे ताठ असतात.

दारं आतून लावलेली, हे मला अर्ध्यापर्यंत पटतं. पण मग पुढचं बोला ना. आतल्याने कधीतरी, कितीही काळाने, कडी काढली तर बाहेर येऊ देणार का? येऊ देणार असाल तर तो कायमचा नरक राहिला नाही, तुम्ही माझ्या बाजूला आलात. येऊ देणार नसाल तर दार बाहेरूनही लावलेलं आहे. परंपरागत शिकवण दुसरंच सांगते, मेल्यावर संधी नाही. दोन्ही एकदम धरता येत नाही.

आणि निवडीबद्दल. आपण निवडतो ते अर्धवट कळून निवडतो. कुणाला बाप दारुडा मिळाला म्हणून बाप ह्या शब्दाचीच चीड, कुणाला चर्चमध्येच वाईट अनुभव आला, कुणी हे नावच ऐकलं नाही. वधस्तंभावरून प्रभू हेच म्हणाला, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." न समजणं हे त्याने क्षमेचं कारण म्हणून पुढे केलं. ज्याला सगळं लख्ख कळलंय असा माणूस आग निवडेल तर ते वेडेपण झालं, आणि वेडेपणाला औषध द्यायचं असतं.

हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीत, लूक १५ मध्ये, मेंढपाळ ते सापडेपर्यंत शोधतो. सूर्य मावळेपर्यंत शोधतो असं तिथे नाही.

निळी शाई

निवडीच्या मुद्द्यावर मी उंबरठा यांच्याबरोबर आहे, सगळेच येतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला नाश हेच मत वचनांशी जास्त जुळतं वाटतं. प्रकटीकरण २०:१४ मध्ये अग्नीच्या सरोवराला दुसरं मरण म्हटलंय. ज्याने शेवटपर्यंत नाकारलं त्याला देव असणं संपू देतो. ते दुःखाचंच आहे, पण त्यात छळ नाही. इव्हँजेलिकल (बायबललाच प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांत ज्यांना फार मान होता त्या जॉन स्टॉट यांनी १९८८ मध्ये हेच मत, चाचपडत का होईना, जाहीरपणे मांडलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

बोलायची किंमत पण मोजावी लागते बरं का. एफ. डी. मॉरिस ह्या इंग्लिश ईशशास्त्रज्ञांनी सार्वकालिक म्हणजे न संपणारा काळ असा अर्थ घ्यायची गरज नाही एवढंच म्हटलं, तर १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून प्राध्यापकपद गेलं. अमेरिकेतले कार्लटन पिअर्सन हे पेंटेकॉस्टल बिशप, हजारोंची मंडळी, सगळ्यांचं तारण आहे असं प्रचारायला लागले आणि मंडळी ओसरली, इमारत गेली, २००४ मध्ये बिशपांच्या एका मंडळाने त्यांना पाखंडी ठरवलं.

दगडफूल

कॅथलिक चर्चचं ह्यावर काय म्हणणं आहे? त्यांच्याकडे पर्गेटरी आहे ना, मग प्रश्न सुटायला हवा.

निळी शाई

नाही सुटत. पर्गेटरी म्हणजे शुद्धिस्थान हे ज्यांचं तारण आधीच ठरलंय त्यांच्यासाठी, नरकातून तिकडे बदली होत नाही. अधिकृत शिकवणीत नरक आहे आणि तो सार्वकालिकच आहे. मात्र सूर बदललाय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये सांगितलं की नरक ही जागा असण्यापेक्षा देवापासून स्वतःहून कायमचं तुटल्याची अवस्था आहे. बाप्तिस्मा न होता मेलेल्या बाळांबद्दल तर ऑगस्टीनने त्यांनाही शिक्षा, फक्त सगळ्यात सौम्य, असं म्हटलं होतं, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशशास्त्रीय आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं लिहिलं. एवढं अंतर कापायला दीड हजार वर्षं लागली, आणि मधल्या काळात किती आयांनी ते ऐकून घेतलं असेल.

पाणवठा

हे वाचून काकूंना फोन केला. यशया आणि यिर्मयाचे दोन्ही संदर्भ पाठवलेत त्यांना. म्हणाल्या, पुढच्या घरगुती प्रार्थनेला वाचायला सांगते.

उंबरठा

कोरा कागद, तुमच्या कडीच्या प्रश्नावर मी विचार करतोय, लगेच उत्तर देत नाही. मत्तय २५:४६ वर मी ठाम आहे, इब्री ९:१२ चा दाखला चांगला आहे पण प्रकटीकरण १४:११ मधल्या रात्रंदिवसचं काय हे कुणी सांगितलं नाही. तुम्ही संडे स्कूलला शिकवता म्हणालात, तर पोरांना काय सांगणार? पास्टर एक सांगतात आणि तुम्ही दुसरं?

कोरा कागद

रात्रंदिवसचं म्हणाल तर ते वर्णन सगळंच प्रतीकांत आहे, त्याच पुस्तकात २०:१४ ला मरण आणि अधोलोक (मेलेल्यांचं ठिकाण) पण सरोवरात टाकलेत, मरणाला यातना कशा होतील? पण हे पूर्ण उत्तर नाही हे मान्य, तुमची हरकत वजनदार आहे.

पोरांना मी मत्तय २५ पूर्ण शिकवणार, ४६ वं वचन धरून. पण सुरुवात ३५ व्यापासून करणार, भुकेल्याला कुणी खायला दिलं, परक्याला कुणी घरात घेतलं, तुरुंगातल्याला भेटायला कोण गेलं, कारण न्याय कशावरून होणार ते तिथे लिहिलंय आणि प्रवचनात नेमकं तेच चटकन उरकतात. कुणी आगीबद्दल सरळ विचारलंच तर सांगेन की ख्रिस्ती लोकांत ह्यावर तीन मतं आहेत, पास्टरांचं हे, माझं हे, आणि दोघंही प्रभूवरच विश्वास ठेवतो. पास्टरांशी आधी बोलून घेणार आहे, त्यांच्या पाठीमागे नाही करणार. पण आठ वर्षांच्या पोराला तुझे आजोबा जळतायत असं वाटेल असं एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही, त्यासाठी वर्ग काढून घेतला तरी चालेल.

उंबरठा

एवढं मला मंजूर आहे. फक्त प्रकटीकरण २० वगळू नका.

कोरा कागद

नाही वगळणार. २१ आणि २२ पण घेणार. २१:२५ ला नव्या यरुशलेमेच्या वेशी कधीच बंद होत नाहीत असं आहे, आणि २२:१५ ला काही लोक अजून बाहेर आहेत. बाहेर लोक आहेत आणि वेस उघडी आहे, ह्याचं काय करायचं?

उंबरठा

मग २२:११ पण घ्या, अन्यायी आणखी अन्याय करो. वेस उघडी असली तरी कुणी आत यायला तयार नसेल तर? ह्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.